पसरणीचा घाट आणि अडीचशे वॅट

जळक्या व्हार्निशचा वास मी झोपेतही ओळखीन. वाईत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरी रोज येतात, आणि झाकण उघडायच्या आधीच कळतं की वाइंडिंग, म्हणजे आतली व्हार्निश लावलेल्या तारेची गुंडाळी, गेलंय. पण मागच्या वर्षी हाच वास पसरणीच्या घाटात, मी स्वतः मोटर बसवलेल्या माझ्याच सायकलच्या मागच्या चाकापाशी आला. मी खाली उतरलो, मोटरवर तळहात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. दुकानातून निघून जेमतेम चार किलोमीटर झाले होते.

घर पाचगणीला, दुकान वाईला. मध्ये साधारण १२ किलोमीटरचा घाट. सकाळी उताराने येणं काहीच नाही, प्रश्न संध्याकाळचा. सुट्टीच्या दिवसांत एसटीला पाय ठेवायला जागा नसते, आणि पेट्रोलचा महिन्याचा हिशोब मांडला की अंगावर येतो. बाजारातली घाट चढणारी इलेक्ट्रिक सायकल माझ्या आवाक्याबाहेरची होती. मग ठरवलं, आपण मोटरीतच आयुष्य घालवतो, तर आपली आपणच करायची.

पहिली जुळणी सगळे करतात तशीच केली. २४ व्होल्ट, २५० वॅटची गिअरबॉक्सवाली डीसी मोटर, मागच्या चाकाला डाव्या बाजूने दुसरं फ्रीव्हील (एका दिशेने ओढणारी, उलट दिशेने मोकळी फिरणारी दात्यांची चकती), मध्ये चेन. मोटरला ९ दाते, चाकाला १८. बॅटरी म्हणून लेड ॲसिडचे दोन डबे, मिळून साडेआठ किलोचे. वाईच्या गल्लीत, कृष्णेच्या पुलावर गाडी ताशी १८ किलोमीटरने मस्त पळायची. घाटात मात्र वर सांगितलं तसं झालं.

दुकानात आणून मोटर उघडली. फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन निम्मे झिजलेले, ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर काळा. पोरं म्हणाली, “दादा, ५०० वॅटची टाका ना.” मलाही क्षणभर तेच वाटलं होतं. पण त्याआधी चढावर टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमट्यासारखं धरून करंट मोजायचं यंत्र, लावून पाहिला होता, आणि तो ३० अँपिअर दाखवत होता. ही मोटर सतत ओढू शकते ते १३-१४. सगळं गणित इथेच होतं.

माझं वजन, सायकल, बॅटरी, जेवणाचा डबा धरून ११० किलो. दर शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या वळणावर हा बोजा ताशी १८ च्या वेगाने न्यायचा तर चाकाला सहाशे वॅट लागतात. २५० ची मोटर ते देऊ शकत नाही, म्हणून ती मंदावते. आणि डीसी मोटर मंदावली की तिचं नुकसान सुरू होतं. फेऱ्या निम्म्यावर आल्या की ओढलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त नुसती उष्णता होते. गाडी रांगते, तार तापते. तेच वळण ताशी ८ ने चढायचं ठरवलं तर २६५ वॅट पुरतात, आणि त्यातले साठ-सत्तर माझे पाय देतात. पण मोटर थेट चाकाला बांधलेली असेल तर ताशी ८ ला ती स्वतःही मंदच फिरणार. मोटरला तिच्या पूर्ण फेऱ्यांवर ठेवून चाक सावकाश फिरवायचं, तर मध्ये गिअर हवेत. आणि गिअर सायकलला आधीपासून आहेतच की! आपण चढ आला की गिअर बदलतो, तशीच सोय मोटरला द्यायची.

म्हणजे मोटरने चाक नाही, पायडलची चकती फिरवायची.

साडेतीन हजारांत जुनी गिअरची सायकल घेतली, मागे सात चकत्यांचं फ्रीव्हील, सगळ्यात मोठी ३४ दात्यांची. मोटर तशीच नवी आणली. गिअरबॉक्समधून ती मिनिटाला तीनशेच्या आसपास फेऱ्या देते. ९ दात्यांवरून ३६ वर नेलं की पंचाहत्तर, म्हणजे माणूस आरामात पायडल मारतो तेवढ्या. त्याच्या शेजारी ३२ दात्यांची चकती, तिथून नेहमीची चेन मागे. मागे ३४ वर टाकलं तर ताशी पावणेनऊ, १४ वर टाकलं तर २१. विनानोंदणी इलेक्ट्रिक सायकलला कायद्याने घातलेली मर्यादा ताशी २५ आणि पाव किलोवॅटची. घरच्या जुळणीला चाचणी संस्थेची मान्यता नसते हे खरं, पण त्या मर्यादेच्या आत राहायचं हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं.

अवघड काम होतं ते क्रँकचं, म्हणजे पायडलच्या दांड्याचं. मोटर चालू असताना पायडल आपोआप गरगरले तर नडगी फुटायची. म्हणून क्रँक आणि चकत्यांच्या मध्ये एक फ्रीव्हील लागतं. शेजारच्या लेथवाल्या तात्यांनी उजव्या क्रँकच्या आसाकडच्या टोकावर आटे पाडून दिले. मी फ्रीव्हील घट्ट बसवलं, चकत्या जोडल्या, पायडल मारला, आणि चाक जागचं हलेना. नुसती कटकट कटकट. तात्या चहा पीत बघत होते. म्हणाले, “अरे, मागे चेन चकतीला ओढते आणि चकती चाकाला. इथे उलटं, आतल्या क्रँकने बाहेरची चकती ओढायची आहे.” फ्रीव्हील पालथं करून, क्रँकच्या आतल्या अंगाने बसवावं लागतं. आटे पुन्हा पाडले. दोन दिवस त्यात गेले, पण पायडल मारल्यावर चाक फिरलं तेव्हा तात्यांनी ग्लास खाली ठेवून स्वतः एक चक्कर मारली.

नंतर मोटरची चेन उतरायला लागली. शपथेवर सांगतो, निम्मं यश चेन एका रेषेत असण्यात आहे. गवंड्याचा दोरा घेतला, मोटरच्या दात्यांपासून चकतीपर्यंत ताणला, आणि वेल्डिंग कापून ब्रॅकेट तीन मिलिमीटर आत सरकवलं. तेव्हापासून उतरली नाही.

बॅटरी मात्र मी काटकसर न करता घेतली. लेड ॲसिड जास्त अँपिअर ओढले की सांगितलेली क्षमता देत नाही, चढावर अर्ध्यात मान टाकते. लिथियम फॉस्फेटचे ३२७०० मापाचे २४ सेल घेतले, आठ सलग, तीन समांतर. साडेपंचवीस व्होल्ट, १८ अँपिअर-तास, वजन साडेतीन किलो. दुसऱ्या जातीचे लिथियम सेल हलके पडतात, पण घाटात तासभर सतत करंट, वर उन्हाळा, आणि ही पेटी रात्री घरात, मुलांच्या खोलीशेजारी चार्जिंगला लागणार. फॉस्फेटचे सेल त्यांच्या मानाने सहजी पेट घेत नाहीत, मला तेच हवं होतं. बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर वीज तोडणारं सर्किट, ठरवून ३० अँपिअरचा. सेल ५,२८० रुपयांना पडले, आणि चार्जरपासून वेल्डिंगपर्यंत सगळं धरून सायकल १८,८८० ला उभी राहिली.

पहिल्यांदा चढलो ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. टाँग टेस्टर हँडलला बांधला होता. साध्या चढाला ९-१० अँपिअर, वळणावर १४. खाली धोम धरणाचं पाणी चमकायला लागलं, तिथे मुद्दाम थांबलो आणि मोटरवर तळहात ठेवला. गरम होती, पण मी वीस आकडे मोजले तरी हात काढावा लागला नाही. पंचावन्न मिनिटांत पाचगणी. बॅटरीतून गेले २२० वॅट-तास.

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७१८ मीटर, पाचगणी १,२९३. एवढ्या उंचीवर ११० किलो न्यायला, मोटर कुठलीही लावा, वेग कितीही ठेवा, निव्वळ १७२ वॅट-तास लागतातच. बाकीचं रस्त्यात आणि मोटरीत जातं. चार्जरचं नुकसान धरूनही रोजचा घाट पाव युनिटाच्या थोडं वर बसतो. हा आकडा मी बायकोला तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “अहो, कळलं. आधी ब्रेकचं बघा.”

तिचं बरोबर होतं. सकाळी तीच उंची ब्रेकमध्ये जिरवायची असते. रबरी ब्रेकने रिम इतकी तापायची की बोट लागत नव्हतं. आता दोन्ही चाकांना डिस्क आहेत, त्याचे पैसे वरच्या आकड्यात नाहीत, आणि ते वाचवायच्या नादाला कुणी लागू नये.

एक दोष अजून राहिलाय. मोटर बंद ठेवून पायडल मारला तर मोटरही सोबत फिरते आणि सायकल जड लागते. मोटरच्या ९ दात्यांच्या आतच छोटा क्लच बसवायचा आहे. तात्यांनी माप घेतलंय, या आठवड्यात लेथ मोकळं झालं की करू म्हणाले.