हरिपूरच्या घाटावर, तीस वर्षांनी

पुण्याहून एसटीनं सांगलीला उतरलो. गावभागातलं आमचं भाड्याचं घर कधीच पाडलंय, तिकडं फिरकलोच नाही. हरिपूरला जायचं होतं.

मुलगा बारावीला आहे. काही विचारलं तर 'हं', दुसऱ्यांदा विचारलं तर खोलीचं दार बंद. बायको म्हणाली, "तुम्ही त्या वयात कसे होता ते आठवा की जरा." घरात बसून आठवेना.

आधी आयर्विन पुलावर गेलो. १९२९ सालचा पूल. पूर आला की अख्खी सांगली इथले फूट मोजते. पंचेचाळीसला धोक्याची पातळी, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं. आज कृष्णा अगदी गरीब गाय.

हरिपूरचा रस्ता चिंचांच्या सावलीतला. मुद्दाम चालत गेलो, गुडघे बोलायला लागले तरी. वडील अडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळं इथली हळदीची पेवं लहानपणी पाहिलेली. जमिनीच्या पोटात खोल खोल खड्डे. तोंड लिंपलं की आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्या उघडल्या मात्र कुणी उतरायचं नाही. आतली हवा जीवघेणी. तास न् तास उघडं ठेवायचं, मग कंदील खाली सोडून बघायचा. विझला, तर अजून थांबायचं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं गेली.

संगमेश्वराला हात जोडून घाटावर बसलो. समोर वारणा कृष्णेला मिळते. संध्याकाळी पाचचा गणिताचा क्लास मी याच पायऱ्यांवर केला, जवळजवळ वर्षभर! दुःख नव्हतं, प्रेमबिम तर नाहीच. गणित येत नव्हतं आणि ते घरी सांगता येत नव्हतं, एवढंच. एकदा मागं वळून बघितलं तर वर चिंचेखाली वडील, सायकल धरून उभे. काही न बोलता निघून गेले. रात्री जेवताना भीतीनं घास उतरेना. ते म्हणाले, "आमटी वाढ त्याला." तो विषय त्यांनी पुढं कधीच काढला नाही, आणि मीही.

फोन वाजला. मुलाचा मेसेज : 'आई विचारतेय कुठे आहात.'

तीनदा लिहून खोडलं. मग पाठवलं : 'हरिपूरला. बारावीला क्लास बुडवून इथं बसायचो.'

बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा. भडंग घ्यायला उठलो, तेवढ्यात आलं :

'पप्पा, तुम्ही??'