गालाच्या आत आधी पाहावे

ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे अशा अवस्थेतल्या मुलाला साधी सर्दी झाली आहे की गोवर, हे अंगावर पुरळ उठेपर्यंत कळत नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात खूण बरेचदा त्याआधीच उमटलेली असते, फक्त ती गालाच्या आत असते. जिभेच्या पट्टीने गाल हळूच बाजूला करून चांगल्या उजेडात पाहिले, तर दाढांसमोरच्या लालसर अस्तरावर मिठाच्या कणांएवढे निळसर-पांढरे ठिपके दिसतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉपलिक यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

हे ठिपके पुरळाच्या साधारण एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ उठल्यावर लवकरच मावळतात. गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासूनच पसरू लागतो. म्हणून मुलाला वेगळे ठेवण्यासाठी आणि घरातील तान्ह्या बाळाला जपण्यासाठी मिळणारा हा थोडासा अवधी मला फार मोलाचा वाटतो. शिवाय पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत रक्तातील आयजीएम (संसर्गानंतर शरीरात सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे) चाचणी गोवर असूनही नकारात्मक येऊ शकते. अर्थात ठिपके दिसले नाहीत म्हणून गोवर नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नये, आणि दिसले तरी घशाच्या स्रावाची पीसीआर किंवा रक्ताची चाचणी करून खात्री करावीच.

तोंडात फोड आले असतील, तर ते नेमके कुठे आहेत, यालाही तेवढेच महत्त्व आहे. ‘तोंड आले आहे’ एवढ्यावर तपासणी थांबवणे मला पटत नाही. लहान मुलाच्या हिरड्या सुजून लाल झाल्या असतील, त्यातून रक्त येत असेल आणि ओठ व जिभेवरही फोड असतील, तर हर्पिस विषाणूच्या पहिल्या संसर्गाची शंका घ्यावी; हिरड्या निरोगी असून फोड टाळूच्या मागच्या मऊ भागावर असतील, तर कॉक्सॅकी गटातील विषाणूची शक्यता अधिक, आणि मग तळहात व तळपायांवरही फोड आहेत का, ते पाहावे.

मोठ्यांमध्ये जिभेच्या कडेला खरखरीत, उभ्या रेघांचा पांढरा पट्टा दिसला आणि तो खरवडूनही निघाला नाही, तर तो एपस्टाइन-बार विषाणूमुळे आलेला असू शकतो. प्रतिकारशक्ती खालावल्याचे ते लक्षण असते. अशा वेळी रुग्णाला विश्वासात घेऊन, त्याच्या संमतीने एचआयव्हीची चाचणी करावी.