निकोटिन द्रवाच्या बाटलीचं टोपण

युरोपीय संघात ई-सिगारेटच्या रिफिलची बाटली 10 मिलिलिटरपेक्षा मोठी नसते आणि निकोटिन प्रति मिलिलिटर 20 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. तरीही भरल्या बाटलीत 200 मिलिग्रॅम विष असू शकतं, वर फळांचा गोड वास! म्हणून लहान मुलांना उघडता न येणारं टोपण महत्त्वाचं.

दाबून फिरवायच्या टोपणात दोन कवच असतात. आतल्याला आटे, बाहेरचं सैल. खाली दाबलं तरच दोघांचे दात एकमेकांत अडकतात. नुसतं फिरवलं तर बाहेरचं कवच टकटक करत फिरत राहतं. अमेरिकी चाचणीत 42 ते 51 महिन्यांच्या मुलांना आधी 5 मिनिटं देतात, मग उघडून दाखवून आणखी 5. दहा मिनिटांनंतरही किमान 80 टक्के मुलांना ते उघडता येता कामा नये. म्हणजे काही मुलं उघडतातच, त्यामुळे बाटली कुलपातच हवी.

बिघाड बहुधा आट्यांत होतो. चिकट द्रव साचला की टोपण पुरतं बसत नाही. बाटलीचं तोंड पुसा, टोपण घट्ट लावा, मग न दाबता फिरवून पाहा. उघडलं तर बाटली बाद. बाटलीच्या तोंडातली थेंब थेंब सोडणारी नळी उपसू नका, सांडण्याला तीच आवर घालते. त्वचेवर सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा, निकोटिन कातडीतूनही शोषलं जातं.

भारतात 2019 पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. चोरून आलेल्या बाटलीच्या टोपणाची खात्री कोण देणार?