रंकाळ्यावरनं वाऱ्याचा अभ्यास

आम्हा कोल्हापूरकरांना वारा कळतो तो रंकाळ्यावर भेळेचा कागद उडाला की. पण गेल्या डिसेंबरात मालवणला मामांकडं निघालो, किल्ल्याला होडीनं जायचं होतं, म्हणून आदल्या रात्री मोबाइलवर अंदाज बघितला : वायव्य, १२ नॉट, गस्ट २४. मला वाटलं, वारा वायव्येकडं चाललाय. मामा फोनवरच हसले. वाऱ्याला नाव तो जिथनं येतो त्या दिशेचं! म्हणजे हा समुद्रावरनं किनाऱ्याकडं येणारा.

नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, १२ म्हणजे साधारण २२. ठीक वाटलं. पण मामा म्हणाले, "सरासरी सोड, झोत बघ." गस्ट म्हणजे काही सेकंदांचा झोत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, आणि होडीला तो रेटा सोसावा लागतो. (फिजिक्सच्या तासाला हे कुणी होडीत बसवून शिकवलं असतं तर!)

शिवाय सकाळी जमिनीवरनं येणारे मतलई वारे, जमीन तापली की दुपारी समुद्रावरनं खारे. म्हणून आम्ही आठलाच होडी गाठली. परतताना दीडच्या सुमारास तोंडावर पाणी उडायला लागलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी मोबाइल खिशात ठेवला.