बाई, कुठलं बोट?

सगळ्यात आधी हे, कारण मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. हातापायाचं दुखणं लांबलं तर फोटो काढून ठेवा. दोन्ही हात शेजारी शेजारी, एकाच उजेडात, दर आठवड्याला, तारीख दिसेल असे. तपासणीच्या दिवशी हात नेमका शहाण्या मुलासारखा वागतो, सूज नाही की रंग बदललेला नाही, आणि आपण खोटे पडतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. जुलैत ओल्या व्हरांड्यात पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग ते निघालं, एक्स-रेत हाड छान जुळलेलं. इथवर तक्रारीला जागा नाही.

हाड जुळलं आणि दुखणं तिथून पुढे सुरू झालं. हात जांभळट, तुकतुकीत, कधी तव्यासारखा गरम तर कधी माठासारखा गार. पंख्याचा वारा लागला तरी आग व्हायची, पदराचा काठ घासला की डोळ्यांत पाणी. हे सांगता तरी येत होतं. दुसरं जे चाललं होतं ते सांगायची लाज वाटायची. हात मला पाटाएवढा रुंद वाटायचा. बघितला की होता तेवढाच. अंधारात बोटं कुठे संपतात ते कळायचं नाही. मूठ वळायची तर हाताकडे बघत बसावं लागे, नजर काढली की बोटं जागच्या जागी थांबत. येता-जाता चौकटीवर आपटायचा तो वेगळाच. ‘माझा हात’ म्हणायचं मी कधी सोडलं, माझ्याही लक्षात आलं नाही. “त्याला जरा उशी दे गं,” म्हटल्यावर लेकीने विचारलं, “आई, त्याला म्हणजे कुणाला?” काही रात्री तर तो कापून टाकावा असंही मनात येऊन गेलं. ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

डोक्याचंही तेच. हजेरी घेताना ओळ हरवायची, बोलता बोलता साधा शब्द गळायचा. एकदा ‘किसणी’ आठवेना म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहून हाताने खुणा करत होते. पुढे गोळ्यांची झापड त्यात भर घालू लागली, पण हे गोळ्यांच्या आधीपासूनचं. कुणी दिवसभर दाराची कडी वाजवत असेल तर आत बसून हिशोब कुठला जमायला!

रजा लांबली तेव्हा कार्यालयाने पत्र दिलं की वैद्यकीय मंडळापुढे, म्हणजे मेडिकल बोर्डापुढे, हजर व्हा.

त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. सकाळी साडेआठला केसपेपरच्या रांगेत उभी राहिले, नंबर लागला पावणेदोनला. टेबलामागे तिघं. त्यातल्या वयस्कर डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. “हाड तर मस्त जुळलंय की. मग काय दुखतं?” मी सांगायला लागले, पण पाटाचं वगैरे सगळं गिळलं आणि “आग होते” एवढंच म्हटलं.

“डोळे मिटा.” पेनाच्या टोपणाने त्यांनी एका बोटाला स्पर्श केला. नुसत्या टोपणाने जीव कळवळला. “बाई, कुठलं बोट?”

“मधलं.”

“आता?”

मला खरंच कळेना. “मधलंच?”

“आणि हे?”

“करंगळी.”

डोळे उघडले तर टोपण करंगळीच्या शेजारच्या बोटावर होतं. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं विचारली, ती सगळी बरोबर आली. टेबलाशी बसलेल्या क्लार्ककडे बघून ते हसले. “पहिलीला शिकवता ना? बोटं तर रोज मोजून घेत असाल. उजव्याची येतात आणि नेमकी डाव्याची येत नाहीत? लिहिता कुठल्या हाताने?”

“उजव्या.”

“झालं तर मग.”

पाच तास बसून चार मिनिटांत बाहेर. कागदावर लिहिलं होतं: प्रतिसाद विसंगत, कामावर हजर होण्यास योग्य.

परतीच्या एसटीत मी डोळे मिटून स्वतःच स्वतःची बोटं चाचपत होते. शेजारची बाई बघत होती. आणि मला पहिल्यांदा वाटलं, मी नाटकच तर करत नाही ना? आपलंच बोट आपल्याला सापडत नाही, असं कधी असतं का? बोर्डावरचा माणूस माझ्यावर विश्वास ठेवत नव्हता हे एक वेळ पचलं असतं. त्या संध्याकाळी माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही.

पुढे कार्यालय. शेरा विरोधात गेल्यामुळे आधीची रजा परिवर्तित, म्हणजे आजारपणाची पूर्ण पगारी, न धरता अडकवून ठेवली. फेरतपासणीचा अर्ज द्यायला गेले तर म्हणाले मूळ प्रत आणा. मूळ प्रत नेली तर संबंधित क्लार्क प्रशिक्षणाला गेलेले. ते आले तेव्हा अर्ज सापडेना. मी पोच घेतली नव्हती, ही माझी चूक. दुसऱ्या अर्जाच्या वेळी दुय्यम प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलले नाही, मग मागची रांग कितीही कुरकुरली तरी. तुम्हीही तेच करा. फेरतपासणीची तारीख मिळेपर्यंत अकरा आठवडे गेले. घराचा हप्ता थांबत नाही आणि हातही थांबत नाही.

मधल्या काळात चुलतभावाने पुण्याला पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे वेदनांवरच्या उपचारांच्या दवाखान्यात, नेलं. त्या डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारलं, “हात नकोसा वाटतो का?” मी रडायलाच लागले. मग डोळे मिटवून हाताचं चित्र काढायला लावलं. अंगठा बरा आला, पंजा भाकरीएवढा, आणि मधल्या दोन बोटांच्या जागी नुसती एक रेघ. मग तीच, मला धडकी भरवणारी परीक्षा, बोटं ओळखण्याची. मी पुन्हा चुकले. ते शांतपणे म्हणाले, “चुकणारच. या आजारात बऱ्याच जणांचं चुकतं.”

आजाराचं नाव कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, सीआरपीएस. हे नाव 1994 मध्ये ठरलं, आजार जुनाच. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांची अशीच आग वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवली आहे, आणि 1900 मध्ये झुडेक या जर्मन शल्यविशारदाने यात हाडं विरळ होतात हे दाखवलं. मनगट मोडल्यावर हा होऊ शकतो, बायकांना जास्त. रक्ताच्या किंवा एक्स-रेच्या एका तपासणीत सापडत नाही. बुडापेस्ट निकष म्हणून एक पद्धत आहे: स्पर्शाच्या वेदना, रंग-तापमान, सूज-घाम, हालचाल-नखं-केस असे चार गट. त्यातल्या किमान तीन गटांच्या तक्रारी हव्यात, डॉक्टरांना किमान दोन गटांची लक्षणं तपासताना दिसायला हवीत, आणि दुसऱ्या आजाराने त्यांचा उलगडा होत नसावा. मेंदूत आपल्या शरीराचा जो नकाशा असतो, त्यातला हाताचा भाग अशा दुखण्यात पुसट झाल्यासारखा होतो, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणून आकार चुकतो, बोटं सरमिसळ होतात. ज्या उत्तरांवरून बोर्डाने मला खोटं ठरवलं, तशी उत्तरं या आजारात येऊ शकतात, हे त्यांनी पत्रात स्वच्छ लिहून दिलं. माझे फोटोही जोडले; नोव्हेंबरनंतरचेच, कारण आधी काढायचं सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या बोर्डात वेगळ्या डॉक्टर होत्या. पत्र वाचलं, दोन्ही तळवे स्वतःच्या हाताच्या पाठीने लावून बघितले, “फरक आहे,” म्हणाल्या आणि सही केली. अकरा आठवड्यांचं काम सात मिनिटांत. कोणी “चूक झाली” म्हणालं नाही, मीही अपेक्षा केली नव्हती. खोटं कशाला बोलू, केली होती.

उपचाराचं थोडक्यात. गोळ्या आहेत, फिजिओ आहे. पण मला उपयोग झाला तो पत्त्यांचा आणि आरशाचा. लेकीने घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या हातांचे पन्नास फोटो काढून छापून आणले. पिसायचे, एकेक उचलायचा आणि डावा की उजवा ते सांगायचं. पहिलीच्या पोरांना डावा-उजवा शिकवणारी मी, पहिल्या दिवशी डाव्या हातांशी सात-आठ सेकंद अडत होते आणि तरी निम्मे चुकत होते. मग नुसती मनात हालचाल, मग आरसा. हात तोडलेल्या माणसांच्या नसलेल्या हाताच्या वेदनेवर मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात हीच युक्ती वापरली. दुखरा हात आरशामागे, चांगला पुढे, आणि आरशात बघत चांगला हलवायचा. घाई करू नका. मी आरशापासूनच सुरुवात करायचा शहाणपणा केला, तर मळमळून आलं आणि रात्रभर हात पेटला. क्रम आहे तो उगीच नाही.

आरशाच्या वेळी चांगल्या हातातल्या बांगड्या, अंगठी काढा. डावा हात मोकळा आणि आरशात बांगड्या खळखळतायत, मेंदूला पटत नाही. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “सवाष्णीने दोन्ही हात मोकळे?” आठवडाभराने त्या स्वतःच दुपारी चारला स्टीलच्या वाटीत बांगड्या काढून ठेवायला लागल्या आणि आरसा पुसून द्यायला लागल्या.

परवा पन्नासपैकी सेहेचाळीस आले, एकेकाला दोन-सव्वादोन सेकंद. मधलं आणि शेजारचं बोट अजून संध्याकाळी गुंततं. रजा मंजूर झाली. फरकाचं बिल मात्र त्रुटी काढून परत आलंय. त्रुटी अशी की अर्जात ‘डावा हात’ लिहिलंय आणि जुन्या शेऱ्यात नुसतं ‘हात’. सोमवारी पुन्हा जाणार आहे, दुय्यम प्रत घेऊन.