ज्यांना वेळ असेल त्यांनी यावे

शुक्रवार, रात्री

‘उद्या दुपारी पारायणाच्या महाप्रसादाची भाजी चिरायला ज्यांना वेळ असेल त्यांनी मंडपात यावे.’ गल्लीच्या ग्रुपवर एवढाच मेसेज, खाली जोडलेले हात. तेव्हापासून जीव कशात लागत नाहीये.

मला वेळ आहे. वेळच आहे. तरी वाचल्या वाचल्या मनात आलं ते हेच, की मला कुणी बोलावलं नाही.

थोरल्या जाऊबाईंना फोनवर बोलून गेले तर म्हणाल्या, ‘अगं, मेसेज आलाय न्हवं? सगळ्यांना आलाय.’ तेच तर. सगळ्यांना आलाय. अक्का असत्या तर दारात उभ्या राहिल्या असत्या. आतसुद्धा यायच्या नाहीत. ‘विळी घे, चल.’ जमेल का, वेळ आहे का, असलं काही विचारायची त्यांची रीतच नव्हती. आणि मी हातातलं टाकून निघायचे. अक्कांचं आज नको लिहायला.

इतकी वर्षं कॉलेजात हेच शिकवलं ना मी? माणसं मोबदल्याशिवाय दुसऱ्यांसाठी का राबतात. क्लॅरी, स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडलेली सहा कारणं दरवर्षी फळ्यावर लिहायचे: आपल्याला पटलेली मूल्यं, काही नवं समजून घेण्याची ओढ, आपल्या माणसांची संगत, नोकरीधंद्याला होणारा उपयोग, मनातली टोचणी किंवा एकटेपण विसरणं, आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. आज संध्याकाळी ती सहाही स्वतःला लावून बघितली. नोकरी संपली. लसूण सोलण्यात नवं शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. विठ्ठलावर श्रद्धा आहे, पण वांगी चिरताना माझ्या मनात विठ्ठल असतो असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. मनात असते ती शेजारी बसलेल्या बायकांची बडबड. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं पोर पुण्याला लागलं. म्हणजे मी जात होते ती माणसांत बसायला मिळतं म्हणून. या घरात संध्याकाळी सातनंतर कुकरची शिट्टी सोडली तर... असो.

मग ती सेवा नव्हती का? हा प्रश्न आज फार छळतोय. माझ्या कामात माझा स्वार्थ होता, म्हणून न बोलावल्याचं एवढं लागलं, असं वाटत राहिलं आणि रडू आलं.

रडून झाल्यावर ओमोटो आणि स्नायडर आठवले. एड्सच्या रुग्णांना सोबत करणाऱ्या अमेरिकेतल्या स्वयंसेवकांचा त्यांचा अभ्यास 1995 मध्ये छापून आला. अडीच वर्षांच्या काळात कोण टिकलं, कोण गळालं, हे त्यांनी पाहिलं. परोपकाराची ओढ किती मोठी आहे यावरून कोण टिकेल ते सांगता येईना. काही शिकायला मिळावं, स्वतःत भर पडावी, स्वतःबद्दल बरं वाटावं, अशा स्वतःच्या कारणांनी आलेली माणसं जास्त काळ टिकली. वर्गात हा निष्कर्ष सांगितला की मुली नाराज व्हायच्या, त्यांना तो हलका वाटायचा. मला आज त्याचा मोठा आधार वाटला. रुग्णाला सोबत हवी होती, ती मिळाली. देणाऱ्यालाही काही मिळालं म्हणून रुग्णाच्या वाट्याचं कमी झालं नाही.

पण मूळचं दुखणं तिथे नाही. स्वार्थ असो नाहीतर परमार्थ, हाक लागते. मंडपातला फळाच बघा ना. वीणा सप्ताहभर खाली ठेवायची नाही, म्हणून पहाऱ्यांची यादी खडूनं लिहिलेली असते, तासातासाला एकेक नाव. रात्री दोनचा पहारासुद्धा कुणी चुकवत नाही. त्याच मंडपाच्या मागे भाजी चिरायला मात्र ‘ज्यांना वेळ असेल’ ते. डार्ली आणि लाटाने यांचा 1968 चा प्रयोग हाच. न्यूयॉर्कमधले विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवरून बोलतायत, आणि एकाला फेफऱ्याचा झटका येतो. खरं तर तो टेपवरचा आवाज. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटत होतं त्यांच्यापैकी 85 टक्के जण झटका ओसरण्याआधीच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तेव्हा 31 टक्के. मुलं दुष्ट नव्हती, अस्वस्थ होऊन बसली होती. गल्लीच्या ग्रुपवर तर दीडशेच्या वर माणसं आहेत.

मग 2019 चा ऑगस्ट? तेव्हा कोण कुणाला बोलवायला आलं होतं? यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गोकाक-चिकोडीकडची घरंच्या घरं पाण्यात, आणि इथे घरोघरी भाकऱ्या थापल्या जात होत्या. यावर बराच वेळ विचार केला. पुरात काय करायचं ते दिसत असतं. पाणी चढतंय, माणसं उपाशी आहेत, भाकरी येते थापायला, मग कुणी सांगायची गरज राहत नाही. पारायणातला लसूण कुणाच्या जिवावर बेतलेला नसतो. तो माझ्याशिवायही सोलला जाईल हे मला ठाऊक असतं, म्हणून तिथे ‘तू ये’ म्हणणारं कुणीतरी लागतं. आपल्या बेळगावात 1924 चं काँग्रेस अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. तिथल्या स्वयंसेवकांमागे डॉ. ना. सु. हर्डीकर होते, सेवादल उभं करणारे. स्वयंसेवकांनाही कुणीतरी गोळा करावं लागतं, शिकवावं लागतं, कामाला लावावं लागतं. ते काम आमच्या गल्लीत अक्का करायच्या, आणि त्याला कुणी काम म्हटलं नाही.

मेसेज टाकणाऱ्या पोराचाही राग आता गेला. मंडप, माइक, गॅस, तांदूळ, सगळं त्याच्या अंगावर. दारोदार त्यानं कधी जायचं?

दारोदार जाणारं माणूस आता नाही, आणि मी दारातच बसून आहे. कोपऱ्यावरच्या घरात बैलहोंगलची बाई भाड्यानं आलीय, गेल्या दिवाळीपासून. ग्रुपमध्ये ती नाही. पारायणाचा स्पीकर तिलाही दिवसभर ऐकू येत असणार. आत्तापर्यंत तिला कुणी काही विचारलं असेल असं वाटत नाही. उद्या शनिवार, तिच्या मुलीची सकाळची शाळा. दूधवाला जाऊन गेला की तिच्याकडे जाते आणि वेळ आहे का असं न विचारता ‘तीनला निघायचं’ एवढंच कन्नडमधून सांगते. मुलगीपण येऊ दे, लसूण सोलायला तिला आमच्याजवळ बसवू.