पडलेला डास मेलेला नसतो

एमएस्सीच्या प्रकल्पाला मी विषय घेतला होता: आपल्याकडच्या डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांवर डास मारायचं औषध अजून चालतं का? अळ्यांसाठी लांब जावं लागलं नाही. नागपूरचा मे महिना, घरोघरी कूलर. सक्करदऱ्यातल्या एका काकूंच्या टाकीत टॉर्च मारला, तशा अळ्या वळवळत तळाशी गेल्या.

"धूर तर परवाच मारून गेले नं. मग हे कुठून येऊन राह्यले?" काकूंनी विचारलं.

धुराने पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, हे मी सांगितलं. पण उडणारे तरी मरतात का, तेच तर मला पाहायचं होतं.

त्या अळ्यांपासून वाढवलेल्या डासांची पहिली खेप वाया गेली. तुलनेसाठी औषध न लावलेल्या कागदाच्या नळीत ठेवलेलेच 25 पैकी 7 डास मेले, नुसत्या कोरड्या उन्हाळ्याने. ही मर 20 टक्क्यांवर गेली की अख्खी चाचणी रद्द. तीन आठवडे गेले. त्या रात्री मी खूप रडले.

जुलैत पुन्हा अळ्या आणल्या, नळ्यांभोवती ओले टॉवेल गुंडाळले. झुपकेदार मिशांचे नर वेगळे काढले. तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या 0.03 टक्के डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या कागदासोबत बरोबर एक तास ठेवल्या. तासाअखेर बहुतेक उताण्या, पाय थरथरताहेत. मला वाटलं, औषध चाललं! प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पडले असं लिही. मेले उद्या लिहायचं."

स्वच्छ नळी, साखरपाण्याचा बोळा, चोवीस तास. सकाळी पाहते तर एक मादी काचेवर उभी, पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांपैकी एक तुटलेला. टिचकी मारली, उडाली. उडता आलं की ती जिवंतच धरायची. काहींच्या शरीरातली विकरं (एन्झाइम्स) औषध फोडून टाकतात, म्हणून पडलेला डास सावरतो. काहींच्या मज्जातंतूंतली सोडियमची वाटच बदललेली असते, औषध तिथे नीट बसतच नाही.

98 टक्के किंवा जास्त मेले तर औषध चालतं, 90 च्या खाली प्रतिकार. माझा आकडा 90 च्या खाली आला. एका वस्तीतल्या एका खेपेवरून मी शहराबद्दल बोलणार नाही. पण काकूंकडे परत गेले. दोघींनी टाकी उपसली आणि आतल्या कडा ब्रशने घासून काढल्या, कारण अंडी तिथेच चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात.